कोयनेचा भूकंप आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका थंडीत गाढ झोपला होता. एकाएकी जमीन हादरली आणि काही सेकंदांतच कोयनानगर या धरणाच्या वसाहतीतील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतल्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली.

हा धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यावर मात्र त्याचा खरा आघात झाला तो तारांमधून. शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवून कोकणात पोफळी येथे खाली सोडले जाते व तेथील भूमिगत वीजगृहात त्यापासून वीज तयार होते. भूकंप होताच हे वीजगृह बंद पडले. मुंबईच्या कारखानदारीचा मोठा आधार एका क्षणात नाहीसा झाला. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावातील मुलांना वीज जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. माग थांबला की घर थांबते.

तेव्हा भूकंप ही केवळ 'तिकडे दूर' घडणारी गोष्ट नसते. हा भूकंप कसा झाला, त्याने काय शिकवले आणि कोयनेपासून सव्वादोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य, याचा आपण थोडा विचार करू.

अढळ पठाराची समजूत

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडाने बनला आहे त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन:पुन्हा वाहिला आणि थरांवर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे हेच ते थर. कोयना भागात या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी एक किलोमीटरच्या आसपास भरते. त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे. हिमालय हा तरुण व अस्वस्थ पर्वत, तर दक्षिणेचे पठार वृद्ध व स्थिर, असे त्या काळी पुस्तकांतून शिकवले जाई. भूकंपाच्या दृष्टीने कोयनेचा प्रदेश जवळजवळ निर्धोक मानला होता.

ही समजूत अगदीच निराधार नव्हती. पठारावर मोठे भूकंप क्वचितच होतात, हे आजही खरे आहे. चूक झाली ती 'क्वचित' याचा अर्थ 'कधीच नाही' असा घेण्यात. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपीय विभाग दाखवणारे मानक प्रसिद्ध केले होते. कोयनेच्या भूकंपानंतर, १९७० साली, तो नकाशा नव्याने आखावा लागला. २००२ सालच्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या विभागात, म्हणजे बऱ्याच धोक्याच्या भागात आहे, आणि मुंबई, ठाणे व भिवंडी तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात. माझ्या मते या भूकंपाचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच. घरे काही वर्षांत पुन्हा बांधता येतात. एका प्रदेशाविषयीची समजूत बदलायला फार मोठी किंमत मोजावी लागते.

धरणाच्या पोटातील साक्षीदार

कोयना धरण पायापासून १०३ मीटर उंच आहे. स्वत:च्या वजनाच्या जोरावर पाणी अडवून धरणाऱ्या धरणांपैकी ते एक. अशा धरणाच्या आत तपासणीसाठी लांबट मार्गिका ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एका मार्गिकेत त्या पहाटे एक त्वरणमापक चालू होता. जमिनीचा वेग दर क्षणाला कसा बदलतो हे हे यंत्र नोंदवते. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके कमाल त्वरण त्याने नोंदवले.

०.६३ पट म्हणजे किती? ६० किलो वजनाच्या मुलाला कुणी आडवे रेटावे, आणि तो रेटा सुमारे ३८ किलो वजनाएवढा असावा. पुढच्याच क्षणी तो उलट्या बाजूने यावा. जितके वस्तुमान अधिक तितका हा रेटा अधिक, हा न्यूटनचा दुसरा नियम. धरणाची आखणी करताना अभियंत्यांनी आडव्या रेट्यासाठी गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ ०.०५ पट धरले होते. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे तेही सावधपणाचेच होते.

तरीही धरण फुटले नाही. ते फुटले असते तर पाटण आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाड यांचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. धरणाला आडव्या भेगा मात्र पडल्या. त्या पडल्या कुठे, हे पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या विरुद्ध बाजूला धरणाची पाठ तळापासून तिरपी वर चढत जाते आणि एका उंचीवर एकदम जवळजवळ उभी होते. रुंद अंगावर बारीक मान असावी तसा हा आकार. भेगा याच मानेच्या पातळीला पडल्या. वरचा जड माथा जडत्वामुळे मागे राहू पाहतो, खालचा रुंद भाग जमिनीबरोबर पुढे जातो, आणि दोहोंमधील ताण जिथे आकार अचानक बदलतो तिथे एकवटतो. एखादी कापडाची पट्टी ताणा. जिथे कडेला छोटी खाच असेल तिथूनच ती टरकन फाटते. तत्त्व तेच.

भेगा बुजवण्यात आल्या, आणि पुढे सर्वांत उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. मार्गिकेतील ती नोंद मात्र जगभर गेली. भूकंपात धरण कसे वागेल याचे गणित करणारे अभियंते आपली पद्धत बरोबर आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी आजही कोयनेचे आकडे घेतात. मानेशी ताण एकवटल्याची ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढे ती आपल्याला भिवंडीच्या गल्लीत भेटणार आहे.

कारण आणि निमित्त

आता सर्वांत कुतूहलाचा प्रश्न. हा भूकंप धरणामुळे झाला का?

शिवसागरात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासून, परिसरात बारीकसारीक धक्क्यांची संख्या वाढू लागली होती. खुद्द १९६७ च्या सप्टेंबरात पाचाहून अधिक परिमाणाचा एक धक्का बसला, आणि डिसेंबरात ६.३ परिमाणाचा. (त्या काळच्या गणिताने तो ६.५ येत असे. जाता जाता एक सांगतो. 'भूकंपाची तीव्रता ६.३ रिश्टर' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. रिश्टर हे काही मीटर-किलोसारखे एकक नव्हे. ६.३ हे भूकंपाचे परिमाण. ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या गावी तो किती जाणवला. ती गावागणिक बदलते.)

पाण्याच्या प्रचंड वजनाने जमीन खचली आणि भूकंप झाला, असे पुष्कळांना वाटते. आपण हिशेब करून पाहू. १०० मीटर खोल पाण्याचा तळावरचा दाब सुमारे १० वातावरणे. भूकंपाची नाभी, म्हणजे खडक जिथे सरकतो ती जागा, समजा ५ किलोमीटर खोल आहे. खडकाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली तर ५,००० मीटर जाडीचा खडक १३,५०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका भार टाकतो, म्हणजे सुमारे १,३५० वातावरणे. त्यापुढे जलाशयाची १० वातावरणे म्हणजे शेकडा एक देखील नव्हे! एवढ्याशा जादा भाराने ६.३ परिमाणाचा भूकंप होण्याइतकी ऊर्जा निर्माण होणे शक्य नाही. ती ऊर्जा आधीच खडकात साठलेली होती. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण पठारातील जुन्या भेगांवरही पडतो.

मग पाण्याने काय केले? त्याने घर्षण कमी केले. खडकातील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर सरकू शकतात तिला विभंग म्हणतात. वरच्या खडकाचे वजन या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरते, आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण त्यांना सरकू देत नाही. भेगेत पाणी शिरले आणि त्या पाण्याचाच दाब वाढला, तर ते आतून दोन्ही बाजूंना एकमेकींपासून दूर रेटते. घर्षण ठरते ते बाहेरचा दाब वजा आतल्या पाण्याचा दाब, एवढ्या शिल्लक दाबावर. गोदामात कापडाची जड गाठ फळीवरून ओढायची झाली तर एखादा हमाल ती एका बाजूने किंचित उचलून धरतो आणि दुसरा ओढतो. गाठीचे वजन कमी झालेले नसते. फळीवर पडणारा भार कमी झालेला असतो.

याने आणखी एक गोष्ट उलगडते. खडकांच्या बारीक भेगांतून पाण्याचा दाब खोलवर पोचायला वेळ लागतो. म्हणून जलाशय भरायला लागल्यापासून मोठा धक्का बसेपर्यंत पाच वर्षे गेली. आपल्या भाषेत 'कारण' आणि 'निमित्त' असे दोन नेमके शब्द आहेत. कोयनेला कारण होते खडकात साठलेला ताण. धरण हे निमित्त. जगात हजारो मोठी धरणे आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांखाली असे भूकंप झाले आहेत, याचा उलगडाही यातच आहे. ताण पुरेसा साठलेला नसेल तर निमित्त मिळूनही काही घडत नाही.

कोयनेत मात्र ताण अजून संपलेला नाही. १९६७ नंतर ५ किंवा अधिक परिमाणाचे वीसहून जास्त धक्के तिथे बसले. १९८५ पासून शेजारचा वारणा जलाशय भरू लागला आणि धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले. इतर बहुतेक जलाशयांखाली काही वर्षांत सारे शांत होते; इथे अर्धे शतक उलटून गेले तरी होत नाही. त्यामुळे साऱ्या जगातील भूकंपशास्त्रज्ञांचे लक्ष या छोट्या टापूवर खिळले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता यांनी कित्येक दशके कोयनेचा अभ्यास केला. २०१७ साली गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विंधणविवर पूर्ण झाले. जिथे भूकंप उगम पावतात त्या खडकांपर्यंत यंत्रे उतरवून तेथील ताण, तापमान आणि पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजावा, असा हा खटाटोप आहे.

भिवंडीपर्यंत

कोयना ते भिवंडी हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २२० किलोमीटर. भूकंपाच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात. दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. म्हणजे पहिल्या लहरी आपल्याकडे ३७ सेकंदांत पोचणार आणि दुसऱ्या ६३ सेकंदांत. मधले अंतर २६ सेकंदांचे. आकाशात वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने झाला यावरून ती किती दूर पडली हे आपण ओळखतो. भूकंपाचे ठिकाणही असेच काढतात. दोन लहरींमधील सेकंदांना साधारण ८.४ ने गुणले की किलोमीटर मिळतात. हा ८.४ कुठून आला, ते दोन्ही वेगांवरून तुम्हीच काढा.

पण आपल्याला भूकंपासाठी कोयनेपर्यंत जायलाच हवे असे नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. ते भरत असताना तेथेही धक्के सुरू झाले आणि १५ सप्टेंबर १९८३ रोजी ४.९ परिमाणाचा भूकंप झाला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची माळच लागली. त्यांतले मोठे धक्के चारच्या आसपासचे होते. आपल्या तालुक्यातील वज्रेश्वरी व अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत तुम्ही हात घालून पाहिलाच असेल. काळ्या दगडाखाली खोल भेगा आहेत आणि त्यांतून पाणी खाली जाऊन तापून वर येते, एवढे ती कुंडे रोज सांगत असतात.

यावरून भिवंडीला उद्याच मोठा भूकंप होणार, असे कुणी अनुमान काढू नये. भूकंपाची तारीख आजही कुणाला सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रश्न वेगळा आहे. धक्का बसला तर आपली घरे कशी वागतील?

त्यासाठी किल्लारी आठवावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला. परिमाण ६.२, म्हणजे कोयनेइतकेच, किंचित कमीच. मृत्यू मात्र आठ हजारांच्या आसपास, कोयनेच्या कैकपट. दाट वस्ती हे त्याचे एक कारण. पण मोठे कारण म्हणजे माळवदाची घरे. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात फार सुखाचे घर! पण ३ मीटर बाय ४ मीटर खोलीवर अर्धा मीटर जाडीची माती घातली तर छपराचे वजन सुमारे १० टन होते. गुरुत्वीय त्वरणाच्या एक पंचमांश एवढाच आडवा हादरा बसला, तरी त्या भिंतींना दोन टन वजनाइतका रेटा सोसावा लागतो. तेवढ्याच खोलीवर पत्रे असते तर हा रेटा फार तर काही किलो भरला असता.

आपल्याकडे माळवदे नाहीत. आपल्याकडे आहेत काँक्रीटच्या खांबांवर उभ्या चाळी आणि इमारती. खाली दुकान, गोदाम किंवा मोकळी जागा, वर भिंतींनी भरलेल्या खोल्या, आणि कुठे कुठे वरच्या मजल्यावरही माग. खालचा मजला नुसत्या खांबांचा व लवचीक, वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि जड. आकार व ताठपणा यांत अचानक बदल. ही त्या धरणाची मानच, फक्त ती वर नसून पायथ्याशी आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात, केंद्रापासून सुमारे २४० किलोमीटरवरील अहमदाबादेत, अशाच मोकळ्या तळमजल्याच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. भुजचा भूकंप कोयनेपेक्षा खूपच मोठा, ७.७ परिमाणाचा होता, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने सव्वाशे पटींच्या घरात; शिवाय अहमदाबादची जमीन नदीच्या गाळाची. तेव्हा तुलना जपून करावी. पण दूर अंतरावर जलद कंपने विरून जातात आणि मंद कंपने टिकतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मजल्यामागे साधारण ०.१ सेकंद असा इमारतीचा स्वाभाविक दोलनकाल धरतात. उंच इमारतींचा काल या मंद कंपनांशी जुळला की झोका वाढत जातो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यांसारखे ते असते. कामवारीच्या काठची मऊ माती किंवा खाडीलगतचा भराव हा झोका आणखी वाढवतो. काळ्या दगडावर थेट पाया गेला असेल तर तो कमी होतो.

आणि काही इमारतींना भूकंपही लागत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमध्ये तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांसह खाली आली. जमीन तेव्हा स्थिर होती. जी इमारत स्वत:चे वजन पेलू शकत नाही ती आडवा रेटा कसा पेलणार? घराचा खांब फोडून शटर बसवताना, गच्चीवर विटांची नवी खोली चढवताना हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो दहावीचा विद्यार्थीही घरात विचारू शकतो.

दोन उद्योग

शिक्षकांसाठी पहिला. कोयनेचा भूकंप आठवणारी माणसे आता साठीसत्तरीच्या पुढची आहेत. विद्यार्थ्यांनी घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना चारच प्रश्न विचारावेत: त्या पहाटे तुम्ही कोणत्या गावी होता? धक्क्याने जाग आली का? मांडणीवरची भांडी वाजली की पडली? भिंतीला तडा गेला का? नुसती जाग आली तर कमी तीव्रता, भांडी पडली तर अधिक, भिंती तडकल्या तर आणखी अधिक. भिवंडीत राज्यभरातून आणि राज्याबाहेरून आलेली कुटुंबे असल्याने उत्तरे अनेक गावांची मिळतील. ती नकाशावर मांडून सारख्या तीव्रतेची गावे रेषेने जोडा. यंत्रे मोजकी होती त्या काळात शास्त्रज्ञांनी भूकंपांचे नकाशे असेच तयार केले. ही माणसे आहेत तोवरच हा नकाशा काढता येईल.

दुसरा प्रयोग १९५९ साली हबर्ट आणि रुबी या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी आपल्या लेखात दिला होता. थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा डबा घ्या. शिक्षकांकडून त्याचे तोंड पूर्ण कापून कड घासून घ्या. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची काच स्वच्छ पुसून ओली करा आणि तिचे एक टोक फक्त १ सेंटिमीटर उचला. हा उतार जेमतेम एक अंशाचा. डबा उघडे तोंड खाली करून वरच्या टोकाला ठेवा. तो हलणार नाही. आता तोच डबा बर्फाच्या कप्प्यात चांगला गार करून पुन्हा तसाच ठेवा. आतली थंड हवा उबदार होऊ लागली की तिचा दाब वाढतो, डब्याच्या वजनाचा काही भाग ती पेलते, आणि इतका वेळ जागचा न हललेला डबा त्या नाममात्र उतारावरून आपोआप घसरू लागतो. काचेच्या टोकाशी पोचून त्याची कड थोडी बाहेर आली की तो थबकतो, खाली पडत नाही. का थबकतो, ते वहीत लिहा.